बोअरच्या पाण्यात साबण जातो कुठे?

(दृश्य: काचेच्या दोन सारख्या बाटल्या. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्ही नितळ.)

दोन्हींत ५० मिलिलिटर पाणी आहे. साबणाचं द्रावण थेंबथेंब घालायचं, दर वेळी बूच लावून जोरात हलवायचं. पावसाच्या पाण्यावर लगेच फेस धरतो. बोअरच्या पाण्यात मात्र दूध फाटावं तसे पांढरे कण दिसतात, आणि फेस येतो न येतो तोच विरतो.

खडकातून विरघळून आलेला कॅल्शियम या पाण्यात आयनरूपात, म्हणजे धनभारित कणांच्या रूपात असतो. पाण्याचा रेणू ध्रुवीय, त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण. असे सहा-आठ रेणू ऑक्सिजन आत वळवून कॅल्शियमभोवती गराडा घालतात, म्हणून पाणी नितळ दिसतं. रॉकेल अध्रुवीय. त्यात मीठ टाकून पाहा: गराडा घालणारं कुणी नाही, मीठ तळाशी तसंच पडून राहतं.

(दृश्य: पांढऱ्या कणांचा जवळून शॉट.)

साबणाच्या रेणूला ऋणभाराचं डोकं आणि कार्बनची लांब, अध्रुवीय शेपूट. शेपूट तेलकट मळात रुतते, डोकं पाण्यात राहतं. कॅल्शियमवर धनभार दोन, म्हणून तो साबणाची दोन डोकी घट्ट धरतो. डोक्यांचा भार तिथेच भागतो, उरतात शेपट्या, आणि त्यांना पाणी सामावून घेत नाही. बादलीच्या कडेला बसणारी चिकट साय ती हीच.

नुकसान किती? पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण म्हणजे त्याचा कठीणपणा. तो (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल, तर २० लिटरच्या बादलीत सुमारे ३६ ग्रॅम शुद्ध साबण मळाला हात लावण्याआधीच वाया जातो!

तुरटीने गढूळपणा बसतो, कठीणपणा नाही. उकळल्यावर बायकार्बोनेटपुरताच भाग जातो. हीटरच्या कॉइलवरचा पांढरा थर तोच. सल्फेट, क्लोराइडसोबतचा कॅल्शियम पाण्यातच राहतो.

त्यावर उपाय धुण्याचा सोडा. त्याच बादलीला खड्यांचा सोडा सुमारे १७ ग्रॅम, पूर्ण विरघळवून. अर्धा तास थांबा, गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या, आणि मगच साबण. साबण आधी पडला तर तो फाटून गेलेला असतो. मॅग्नेशियम जास्त असेल तर एवढ्याने भागत नाही. खाण्याचा सोडा चालणार नाही. रेशीम आणि लोकर या पाण्यात घालू नका.

फरशीवर बसलेली साय साबणाने घासली तर आणखी साचते. तिथे लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून दहा मिनिटं ठेवा, मग घासा. संगमरवरावर मात्र नको, आम्ल त्याला खातं.