मीटरजवळची दहा मिनिटं

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल संपत आला की आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि पाठोपाठ विजेचं बिल. परवा शेजारच्या मावशी बिल घेऊन आल्या. म्हणाल्या, "माय, शंभराच्या वर पाचच युनिट गेलं, तर सगळं बिल महाग लागलं."

हा समज घरोघरी आहे, पण तसं नसतं. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना कमी दरच लागतो. १०१ ते ३०० पर्यंतची तेवढी महाग, त्यापुढची आणखी महाग. म्हणजे आपण जे युनिट वाचवतो, ते नेहमी वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. शिवाय वीज आकारासोबत वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा युनिटमागचा खर्च, आणि १६ टक्के वीज शुल्कही त्या प्रमाणात उतरतं. स्थिर आकार मात्र घराला कुलूप असलं तरी येतोच.

बिल हातात आलं की आधी चालू रीडिंग आणि मागील रीडिंग बघा, मग उठून मीटर बघा. मागच्या उन्हाळ्यात आम्ही गावी होतो, दार बंद होतं, म्हणून सरासरीचं बिल आलं. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांची युनिटं एकदम आली. अशा वेळी ती युनिटं दोन महिन्यांत विभागून टप्पे लावलेत का, हे विचारून घ्या. विचारायला संकोच कसला? महावितरणचा १९१२ हा नंबर त्यासाठीच आहे.

एक गोष्ट आज रात्रीच करता येईल. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजची पिनही काढा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. आता मीटरवरचा लाल दिवा बघा. पाच-दहा मिनिटांत तो लुकलुकला, तर कुठंतरी वीज जातेय. एखादा चार्जर, सेट टॉप बॉक्स राहिला असेल. तेही नसेल, तर वायरिंगमधून गळती असू शकते. मग वायरमनला बोलवायचंच. तिथं प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे.

आता पंखा. आपल्याकडे तो उन्हाळ्यात दिवसाचे सोळा तास फिरतो. जुना पंखा ७५ वॉटचा धरला, तर महिन्याला ३६ युनिटं. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० वॉटचा, त्याची होतात जवळपास साडेचौदा. घरात तीन पंखे असतील तर हिशेब तुम्हीच करा. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जास्त फिरतो तो आधी बदला.

खान्देशची हवा कोरडी, म्हणून कूलर इथं छान चालतो. पण तो खिडकीत हवा आणि समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो, अंग चिकचिकतं आणि आपण स्पीड वाढवत बसतो. गवत दर उन्हाळ्याला बदला. एसी असेल तर २४ वर ठेवून वर पंखा लावा.

गॅसचं थोडक्यात सांगते. टाकी घेताना वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा, काटा तेवढाच दिसला पाहिजे. ज्योत पिवळी दिसली, भांड्याचं बूड काळं पडलं, की बर्नरची भोकं साफ करा. तूरडाळ तासभर भिजवून कुकरला लावा, पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आणि भरिताची वांगी? ती गॅसवर एकेक करून भाजत बसलात, तर कितीतरी वेळ शेगडी अडते. अंगण असेल तर आपल्या तुराट्या-पऱ्हाट्यांवर, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, दहा-बारा वांगी एका जाळात भाजून होतात, आणि ती चव शेगडीवर येत नाही.

नमस्कार.