शिफारसपत्रातून दिसणारा विद्यार्थी

एका शिफारसपत्रातले हे वाक्य वाचा. "सदर विद्यार्थिनी हुशार, मेहनती, नम्र व शिस्तप्रिय असून तिच्या पुढील वाटचालीस माझ्या शुभेच्छा." विद्यापीठाच्या प्रवेश समितीत काम करणाऱ्या माणसाने हे वाक्य, फक्त नाव बदललेले, असंख्य वेळा वाचलेले असते. त्यात खोटे काहीच नसते. अडचण एवढीच, की ते वर्गातल्या निम्म्या मुलांविषयी तितकेच खरे असते.

आता हा दुसरा मजकूर पाहा. समजा, भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाने लिहिले आहे: "लंबकाच्या प्रयोगात तिला गुरुत्व त्वरणाचे मूल्य ९.८ ऐवजी ९.३ मिळाले. इतर गटांनी आकडे जुळवून प्रयोगवह्या माझ्याकडे दिल्या. तिने वही दिली नाही. पुढच्या तासाला तिने दाखवून दिले, की लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती, ती नुसत्या दोऱ्यापुरतीच मोजली गेली होती. जुनी निरीक्षणे तिने खोडली नाहीत; त्यांच्या शेजारी चूक कशामुळे झाली ते लिहिले." या मजकुरात हुशार, मेहनती, प्रामाणिक यांपैकी एकही विशेषण नाही. तरीही वाचणाऱ्याला ते तिन्ही गुण कळतात, आणि मुख्य म्हणजे ते गुण कशावरून ठरवले हेही कळते.

शिक्षकाच्या शिफारसपत्राकडून विद्यापीठाची अपेक्षा काय असते, याचे उत्तर या फरकात आहे. गुणपत्रिका समितीच्या हाती आधीच असते, आणि विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेले निवेदनही असते. उत्तर चुकल्यावर हा विद्यार्थी काय करतो, त्याने विचारलेला प्रश्न धड्याच्या पुढे जातो की नाही, गटात काम करताना तो दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेतो का, हे मात्र वर्षभर त्याच्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून पत्रातले अर्धे पान गुणपत्रिकेतले आकडे पुन्हा लिहिण्यात घालवणे म्हणजे आपल्याला मिळालेली साक्ष देण्याची संधी वाया घालवणे होय. शाळेतल्या स्पर्धांच्या आणि बक्षिसांच्या याद्यांबाबतही हेच म्हणता येईल. त्या अर्जात अन्यत्र आलेल्याच असतात.

वर्णनाइतकेच महत्त्व तुलनेला आहे. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये ज्या सामाईक अर्जातून प्रवेश देतात, त्या 'कॉमन अ‍ॅप'मध्ये शिक्षकाला पत्राबरोबर एक तक्ताही दिला जातो. बौद्धिक कुवत, लेखन, वर्गचर्चेतील सहभाग, सचोटी, अपयशाला सामोरे जाण्याची रीत अशा मुद्द्यांवर विद्यार्थी सरासरीच्या खाली आहे, सरासरी आहे, की वरच्या १० किंवा ५ टक्क्यांत बसतो, हे त्यात विचारलेले असते. आणि सगळ्यात शेवटचा रकाना असतो तो 'माझ्या कारकिर्दीत पाहिलेल्या मोजक्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक' असा. प्रत्येक मुलासाठी याच रकान्यात खूण करण्याचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना करता येते. पण पत्रातला मजकूर त्या खुणेला दुजोरा देत नसेल, तर वाचणारा मजकुरावर विश्वास ठेवतो, खुणेवर नाही. "मी गेली १२ वर्षे हा विषय शिकवत असून, सिद्धता स्वतःहून दुसऱ्या मार्गाने करून पाहणारे तीन-चारच विद्यार्थी मला भेटले, हा त्यांपैकी एक," असे वाक्य अधिक वजनदार ठरते, कारण त्यात तुलना कोणाशी आहे आणि कशाबाबत आहे, हे दोन्ही स्पष्ट आहे.

ब्रिटनमध्ये रचना वेगळी आहे. तिथले पदवीचे अर्ज 'यूकास' या केंद्रीय संस्थेमार्फत जातात, आणि २०२४ च्या प्रवेशापासून तिथे शिक्षकाचा अभिप्राय सलग पत्राच्या रूपात न घेता तीन भागांत घेतला जातो. पहिल्या भागात शाळेची सर्वसाधारण माहिती असते. दुसऱ्या भागात विद्यार्थ्याच्या अभ्यासावर किंवा परीक्षेवर परिणाम करणारी विशेष परिस्थिती सांगता येते, आणि तिसऱ्यात त्याच्याविषयी विद्यापीठाला कळावे असे इतर काही. पहिला भाग सोडता बाकीचे दोन्ही ऐच्छिक आहेत. माझ्या मते यातला दुसरा भाग सर्वांत जपून वापरण्याजोगा आहे. दीर्घ आजार, घरातला मृत्यू, कुटुंबातील कोणाची तरी सतत करावी लागणारी शुश्रूषा, शिक्षक मध्येच बदलल्याने बुडालेला अभ्यासक्रम, या गोष्टी विद्यार्थी स्वतः लिहायला संकोचतो आणि लिहिल्या तर सबब वाटतात; शिक्षकाने तारखांसह, परिणामासह, दोन ओळींत सांगितल्या की त्या वस्तुस्थिती म्हणून वाचल्या जातात. मात्र विद्यार्थ्याच्या संमतीवाचून त्याच्या प्रकृतीविषयी वा घराविषयी एक अक्षरही लिहिता कामा नये.

शिक्षकाचा हेतू चांगला असूनही पत्र विद्यार्थ्याच्या विरोधात जाऊ शकते. २००३ मध्ये फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोन संशोधकांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचा उल्लेख अधिक होता आणि शंका उत्पन्न करणारी वाक्येही अधिक होती. २०१६ मध्ये भूविज्ञानातील पीएच.डी.नंतरच्या संशोधनवृत्तींसाठी आलेली ५४ देशांतील १,२२४ पत्रे तपासली गेली, तेव्हा 'उत्कृष्ट' म्हणता येईल असे पत्र मिळण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांच्या जवळपास निम्मी आढळली, आणि पत्र लिहिणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, त्यात फरक पडत नव्हता. हे अभ्यास शालेय शिक्षकांच्या पत्रांचे नाहीत, हे खरे. तरीही मुलाला 'प्रतिभावान' आणि तेवढेच गुण मिळवणाऱ्या मुलीला 'कष्टाळू' म्हणण्याची सवय आपल्या पत्रात उतरली आहे का, हे पाहण्यासाठी सही करण्यापूर्वी पत्र एकदा विद्यार्थ्याचे लिंग बदलून वाचून पाहावे. वाक्य विचित्र वाटू लागले, तर ते बदलावे.

शंका उत्पन्न करणारी वाक्ये बहुधा नकळत लिहिली जातात. "योग्य मार्गदर्शन मिळाल्यास तो नक्कीच चमकेल" या वाक्यातून लेखकाला आशा व्यक्त करायची असते. वाचणाऱ्याला मात्र तो अजून चमकलेला नाही, एवढेच कळते. याचा अर्थ उणीव लपवावी असा नाही. "पहिल्या सहामाहीत तो लेखी मांडणीत कच्चा होता, त्याने दर आठवड्याला एक निबंध स्वतःहून तपासून घेतला आणि वर्षअखेरीस त्याची मांडणी वर्गातील पहिल्या पाचांत होती," हे लिहिल्याने विद्यार्थ्याचे काहीच बिघडत नाही. उलट उरलेल्या स्तुतीवरचा वाचकाचा विश्वास त्यामुळे वाढतो.

पत्र कोणाकडे मागावे, यात विद्यार्थी हमखास चुकतात. मोठ्या हुद्द्याच्या, पण तोंडओळखीपलीकडे न गेलेल्या व्यक्तीचे पत्र कागदावर भारदस्त दिसते आणि आतून पोकळ असते. अलीकडच्या वर्षांत प्रत्यक्ष शिकवलेल्या शिक्षकाकडे जाणे बरे, मग त्या विषयात सर्वाधिक गुण नसले तरी चालतील. अमेरिकेतील एमआयटी तर एक पत्र गणित वा विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि दुसरे भाषा, मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे मागते, म्हणजे एकाच विद्यार्थ्याकडे दोन दिशांनी पाहता येते. याच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे. ते पदवीच्या अर्जासोबत अशी पत्रे सरसकट मागतच नाही.

"तूच लिहून आण, मी सही करतो," हा प्रकार सर्रास चालतो आणि त्यामागे शिक्षकांवरचा कामाचा भार आहे, हे नाकारता येत नाही. पण विद्यार्थी स्वतःविषयी लिहितो तेव्हा तो एक तर संकोचतो किंवा फुगवतो, आणि वर्गात त्याच्याकडे पाहणाऱ्याला काय दिसले होते, हे त्याला माहीतच नसते. त्याने मसुदा देण्याऐवजी टिपण द्यावे: कोणत्या विद्याशाखेला अर्ज करतो आहे, का करतो आहे, वर्गातले कोणते काम त्याला स्वतःला महत्त्वाचे वाटले, मुदत कधी आहे. एवढ्यावर शिक्षकाची स्मृती जागी होते.

पत्राची गोपनीयता हाही यातलाच भाग आहे. अमेरिकेतील १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला, प्रवेश घेतल्यानंतर, आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आणि शिफारसपत्रांपुरता तो लेखी सोडून देण्याची मुभाही दिली. हक्क सोडलेले पत्र अधिक मोकळेपणाने लिहिले गेले असावे, असे वाचणारा धरून चालतो.

राहिला प्रश्न नकाराचा. ज्या शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा आठवतो पण एकही प्रसंग आठवत नाही, त्याने ते सरळ सांगावे, आणि लवकर सांगावे. ब्रिटनमध्ये शाळेमार्फत केलेला अर्ज अभिप्राय जोडला गेल्यावरच पुढे पाठवला जातो, आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज तसेच बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबरच्या सुमारास संपते. सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळालेल्या नकारानंतर दुसऱ्या शिक्षकाकडे जाता येते, ऑक्टोबरात मिळालेल्या नकारानंतर बहुधा नाही.