आधी प्रश्न, मग करार

मंडळी, परदेशातल्या शाळेशी भागीदारी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी सामंजस्य कराराचा मसुदा निघतो. मग फ्लेक्स, दोन झेंडे, संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार. पुढे वर्षभर वर्गात काहीच घडत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना आज माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. आपल्या मुलांना एकट्यानं ज्याचं उत्तर मिळणार नाही, असा एक प्रश्न आधी शोधा. देश, शाळा, करार हे सगळं त्याच्या मागून येऊ द्या.

उदाहरण देतो. लंडनला वर्षभरात साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरलाही तेवढा पडतोच. मग तिकडे गवत हिरवंगार आणि इकडे एप्रिल-मेमध्ये गावोगाव टँकर, असं का? सातवीच्या वर्गात हा प्रश्न टाका आणि मुलांचे चेहरे बघा. प्लास्टिकची सरळ बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खोलगट असतो, तेव्हा पट्टीच्या शून्यापर्यंत आधीच पाणी भरून ठेवायचं, नाहीतर माप चुकतं. झालं पर्जन्यमापक. रोज परिपाठाआधी एका मुलानं माप घेऊन तक्त्यात लिहायचं. तिकडच्या वर्गानंही तेच करायचं. वर्षाअखेरीस दोन तक्ते शेजारी ठेवले की मुलांना आपसूक दिसतं, तिकडे थोडाथोडा पाऊस बाराही महिने पडतो आणि आपल्याकडे चार महिन्यांत, तोही मोजक्या सरींत उरकतो. उन्हानं किती पाणी उडून जातं, हा पुढचा प्रश्न मुलंच विचारतात. इथे दोन्ही वर्गांना एकमेकांची खरी गरज आहे. ‘आमचे सण, तुमचे सण’ या देवाणघेवाणीत ती नसते, म्हणून तो उपक्रम दुसऱ्या महिन्यात थंडावतो.

आता जोडीदार कुठला? सगळ्यांना इंग्लंड-अमेरिकाच हवी असते. मी म्हणतो, जपानचा विचार करा. तिथल्या मुलांनाही इंग्रजी परकीच, तीही अडखळतात. त्यामुळे आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची भीड चेपते. शिवाय घड्याळ जुळतं. आपले सकाळचे साडेदहा म्हणजे तिकडचे दुपारचे दोन. ब्रिटनमधले सकाळचे नऊ म्हणजे आपले हिवाळ्यात अडीच, उन्हाळ्यात दीड, कारण ते लोक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं हलवतात. न्यूयॉर्कची शाळा भरते तेव्हा आपली सुटलेली असते. तिथल्या वर्गाशी काम करायचं तर पत्रं, चित्रं, ध्वनिमुद्रित निरोप यांवरच भर द्यावा लागेल. खरं तर प्रत्यक्ष व्हिडिओ कॉल कमीच ठेवावेत. पहिल्या कॉलची अख्खी तासिका स्वागतगीतात आणि ‘आवाज येतोय का’ यातच जाते.

ओळखी कशा होतात? देशोदेशीच्या शाळांची गाठ घालून देणारं आयअर्न हे जाळं 1988 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा जोडून सुरू झालं, तेही शीतयुद्ध संपलेलं नसताना. आणि आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी बघा. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा एकमेकांपासून तुटलेल्या भागांतल्या मुलांना त्यांनी बोलतं केलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला हे जमत नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये.

दोन बाबतींत मात्र कायदा नीट पाळा. परदेशातून देणगी येत असेल तर 2010 च्या परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. सुरुवातीच्या वर्षांत पैसा मधे आणूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पैसा आला की एक शाळा दाता होते, दुसरी याचक, आणि मुलांना ते बरोबर कळतं. दुसरी बाब मुलांच्या फोटोंची. पालकसभेत नीट समजावून लेखी संमती घ्या. शिक्षकांच्या खासगी व्हॉट्सॲपवर मुलांचे चेहरे फिरता कामा नयेत.

सगळ्यात जास्त भागीदाऱ्या कशानं मरतात, तर बदलीनं. एक उत्साही शिक्षक असतो, त्याची बदली होते आणि सगळं त्याच्या मोबाईलसोबत निघून जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन शिक्षक नेमा, शाळेच्या नावाचा ईमेल वापरा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंद करा. दोन्ही शाळांच्या सुट्ट्या आणि परीक्षा एकाच कागदावर मांडा. आपली मे महिन्याची सुट्टी, सहामाही, दिवाळी, जपानचं एप्रिलला सुरू होणारं वर्ष, ब्रिटनचा रिकामा ऑगस्ट हे सगळं वगळलं की कामाचे महिने किती थोडे उरतात ते दिसेल. तेवढ्यात एकच प्रश्न, एकच वर्ग घ्या. दुसऱ्या वर्षीचा प्रश्न मुलांना ठरवू द्या, आणि मगच त्या कराराचा मसुदा बाहेर काढा.