फोन केला तर कोण येणार?

नमस्कार श्रोतेहो.

९ डिसेंबर २०२०. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मिनियापोलिस शहर. कोविडमुळे सिटी कौन्सिलची बैठक सभागृहात नव्हती, ऑनलाइन होती. विषय पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचा. बोलण्यासाठी शेकडो नागरिकांनी नावं नोंदवली होती. लोक घरबसल्या फोनवर येत होते, दोन शब्द बोलत होते आणि पुढच्या माणसाला जागा करून देत होते. पोलिसांचे पैसे कापा, असं कुणी कळवळून सांगत होतं. कापू नका, आमच्या गल्लीत रोज गोळीबार होतोय, असं कुणी तितक्याच कळवळ्यानं सांगत होतं. मतदान होईपर्यंत मध्यरात्र उलटून गेली.

भांडण किती पैशांचं होतं? शहराचा एकूण अर्थसंकल्प दीड अब्ज डॉलरचा. त्यात पोलिसांचा वाटा १७ कोटी ९० लाख डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दरानं आपले तेराशे कोटी रुपये. आणि त्यातून काढून दुसरीकडे द्यायची रक्कम होती ८० लाख डॉलर. शंभरातले साडेचारसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी एवढं मोठं शहर रात्रभर का जागलं, तेच आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

त्याच वर्षी, २५ मे रोजी, ३८वा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरच्या एका दुकानातून ९११ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन गेला होता. गिऱ्हाइकानं दिलेली वीस डॉलरची नोट खोटी असावी, अशी तक्रार होती. पोलिस आले. जॉर्ज फ्लॉइड नावाच्या त्या गिऱ्हाइकाला त्यांनी रस्त्यावर पालथं पाडलं आणि डेरेक शॉविन हा अधिकारी नऊ मिनिटांहून जास्त वेळ त्याच्या मानेवर गुडघा रोवून बसला. फ्लॉइड गेला. एका सतरा वर्षांच्या मुलीनं ते सगळं मोबाइलवर टिपलं, म्हणून जगाला कळलं. तीन दिवसांनी जमावानं शहरातलं एक पोलिस ठाणं जाळलं.

मला त्या पहिल्या फोनपाशी थांबावंसं वाटतं. तक्रार वीस डॉलरच्या नोटेची होती. त्यासाठी कमरेला पिस्तूल लावलेली माणसं येण्याची गरज होती का? दुसऱ्या दिवशी एखाद्या कारकुनानं येऊन तक्रार लिहून घेतली असती तर चाललं नसतं का? त्या शहरातल्या पुढच्या सगळ्या वादाचं मूळ मला या प्रश्नात दिसतं. पण तो प्रश्न या रूपात लोकांपुढे यायला फार वेळ लागला, आणि मधल्या काळात घोषणांनी बरंच काही बिघडवलं.

७ जूनला पाउडरहॉर्न पार्कमध्ये सभा झाली. कौन्सिलच्या १३ सदस्यांपैकी ९ जण व्यासपीठावर होते. पोलिस दलच मोडीत काढून नवी व्यवस्था आणू, असं वचन त्यांनी दिलं. मंचापुढे पुरुषभर उंचीच्या अक्षरांत घोषणा उभी केली होती: पोलिसांचा निधी काढून घ्या. ते फोटो देशभर गेले. महापौर जेकब फ्रे यांनी आदल्याच दिवशी मोर्चेकऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की पोलिस दल पूर्ण बरखास्त करायला माझा पाठिंबा नाही. जमावानं त्यांना हुर्यो करत हाकलून लावलं होतं.

वचन देणं सोपं होतं. शहराची स्वतःची सनद असते, म्हणजे शहरापुरती राज्यघटनाच म्हणा. मिनियापोलिसच्या सनदेत १९६०च्या दशकापासून एक कलम होतं: दर हजार रहिवाशांमागे किमान १.७ कर्मचारी पोलिस दलात असतील एवढा पैसा कौन्सिलनं दिलाच पाहिजे. शहराची वस्ती सव्वाचार लाखांच्या वर. म्हणजे सातशेहून अधिक माणसांचा पगार सनदेनंच बांधून ठेवलेला. कलम बदलायचं तर मतदारांपुढे जायचं, आणि त्याआधी सनद आयोगाकडे. न्यायाधीशांनी नेमलेल्या या आयोगानं ऑगस्टमध्ये आणखी मुदत घेतली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत प्रश्न मतदारांपुढे गेलाच नाही. व्यासपीठावरच्या नऊ जणांच्या हातात मग उरलं काय? अर्थसंकल्प. तेवढीच एक जागा, जिथं त्यांना खरोखर काही करता येत होतं.

आता ते ८० लाख डॉलर कुठे जाणार होते ते पाहू या. मला या रकमेपेक्षा तिच्या पोटातल्या बाबी महत्त्वाच्या वाटतात. ९११चे फोन घेणाऱ्यांना प्रशिक्षण, म्हणजे पलीकडचा माणूस गुन्ह्याबद्दल बोलतोय की मनानं कोसळलेल्या आपल्या भावाबद्दल, हे त्यांना ओळखता यावं. अशा भावाकडे पोलिसांऐवजी मानसोपचार जाणणारी माणसं पाठवण्याची सोय. सायकल चोरीला गेली, गाडीची काच फुटली, कुणी चुकीच्या जागी गाडी लावली, तर तक्रार लिहून घ्यायला वर्दी नसलेला कर्मचारी. आणि गोळीबाराचं सूडचक्र थांबवण्यासाठी वस्तीतल्याच, पोरांना ओळखणाऱ्या माणसांचं काम. यातलं काही पोलिसांच्या विरोधातलं आहे का? मला तर दिसत नाही. पोलिसांच्या डोक्यावरचं नको ते ओझं उतरवण्याचा हा प्रकार होता. पण पार्कातल्या त्या उंच अक्षरांनंतर हे शांतपणे ऐकून घ्यायला निम्मं शहर तयार नव्हतं, आणि त्यांना दोष कसा द्यायचा?

कारण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. २०१९ मध्ये शहरात ४८ खून झाले होते. २०२० मध्ये आकडा ऐंशीच्या आसपास गेला. सगळ्यात जास्त झळ लागली उत्तर मिनियापोलिसला, जिथं कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. २०२१च्या वसंतात अवघ्या काही आठवड्यांत तिथं सहा, नऊ आणि दहा वर्षांच्या तीन मुलांना गोळ्या लागल्या. त्यांतली नऊ वर्षांची मुलगी वाढदिवसाच्या पार्टीत ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती. ती आणि सहा वर्षांची, दोघीही वाचल्या नाहीत. पोलिसांचे पैसे कापू नका असं या भागातले आईबाप सांगत होते तेव्हा त्यांना पोलिसांकडून होणारा छळ ठाऊक नव्हता असं नाही. तो त्यांनीच सगळ्यात जास्त सोसला होता. त्यांना पोलिस हवे होते आणि माणसासारखं वागणारे हवे होते. वादाच्या दोन्ही टोकांना उभे असलेले लोक या आईबापांचं म्हणणं आपापल्या सोयीनं अर्धंच ऐकत होते, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या रात्री शेवटी निकाल असा लागला. ८० लाख वळवले गेले. पण पोलिसांची संख्या पुढच्या वर्षांत ८८८ वरून ७५० वर आणण्याचा प्रस्ताव पडला. महापौरांनी नकाराधिकार वापरण्याचा इशारा दिला होता, आणि ८८८चा आकडा ७ विरुद्ध ६ मतांनी टिकला. एका मतानं. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, याच कौन्सिलनं नव्या पोलिसांच्या भरतीसाठी ६४ लाख डॉलर एकमतानं मंजूर केले.

आणि मार्च २०२१ मध्ये फ्लॉइडच्या कुटुंबाशी तडजोड झाली. भरपाई २ कोटी ७० लाख डॉलर. हीही एकमतानं मंजूर झाली. त्याआधी २०१९ मध्ये अशीच २ कोटी डॉलरची भरपाई याच शहरानं दिली होती. घरामागच्या गल्लीत कुणा बाईवर हल्ला होतोय असं वाटून जस्टिन डेमंड या बाईंनी ९११ला फोन केला होता, आणि आलेल्या पोलिसानं त्यांनाच गोळी घातली होती. ही भरपाई पोलिस खात्याच्या नावावर थेट पडत नाही, शहराच्या विमा निधीतून जाते. ८० लाखांसाठी शहर मध्यरात्रीपर्यंत भांडलं. दोन भरपायांचे ४ कोटी ७० लाख मात्र त्या भांडणाच्या हिशेबात कुठे दिसतच नव्हते. पोलिसांवर किती खर्च होतो हे विचारायचं असेल तर हे दुसरं पानही उलटायला हवं.

अखेर २ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रश्न मतदारांपुढे आला: पोलिस खात्याच्या जागी सार्वजनिक सुरक्षेचं नवं खातं आणायचं का, आणि सनदेतली किमान संख्येची अट काढायची का? ५६ टक्के लोक नाही म्हणाले. उत्तर मिनियापोलिसच्या वॉर्डांतूनही नकारच आला. ४४ टक्के हो म्हणाले, हेही विसरू नये. एवढ्या मोठ्या बदलाला दर शंभरात चव्वेचाळीस माणसं तयार होतात, ती उगाच नाही.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. उत्तर भागातले आठ रहिवासी आधीच कोर्टात गेले होते, शहर सनदेप्रमाणे पोलिस ठेवत नाही म्हणून. जून २०२२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की महापौरांनी ७३१ पोलिस नेमले पाहिजेत, नाहीतर का नेमले नाहीत ते दाखवलं पाहिजे. कौन्सिलबद्दल मात्र न्यायालय म्हणालं, पैसे द्यायचं तिचं कर्तव्य ती पार पाडते आहे. म्हणजे पैसे होते, माणसं नव्हती. दोन वर्षांत तीनशेच्या आसपास पोलिस सोडून गेले होते, कितीतरी जण मानसिक आघाताचं कारण देऊन. ज्या खात्यावर शहराचा विश्वास उरला नाही तिथं नोकरी करायला नवी मुलं येईनात. ज्या आकड्यासाठी सात विरुद्ध सहा मतदान झालं, तो कागदावरच राहिला.

त्या ८० लाखांतल्या कल्पनेचं पुढे काय झालं? डिसेंबर २०२१ मध्ये मानसिक संकटात मदत करणारी पथकं शहरात सुरू झाली. एका व्हॅनमध्ये मानसोपचाराचं शिक्षण घेतलेली दोन माणसं, शस्त्र नाही, बेड्या नाहीत. घरातलं कुणी आत्महत्येची भाषा करतंय, कुणी भर रस्त्यात स्वतःशी बोलत ओरडतंय, असा फोन ९११ला आला की ही व्हॅन निघते. पुढे ती रात्रंदिवस चालू झाली. आज पोलिस आणि ही पथकं दोन्ही शहराच्या खर्चात आहेत. २०२४ मध्ये पोलिसांना तीन वर्षांत जवळपास २२ टक्के पगारवाढ देणारा करार कौन्सिलनं ८ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. मला ही पगारवाढ पटते, कारण चांगली माणसं कमी पगारात येत नाहीत. आणि ती व्हॅनही पटते.

आता आपल्याकडे येऊ या. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढचा होता, काही छोट्या राज्यांपेक्षा मोठा. त्यात मुंबई पोलिसांचा पगार शोधलात तर सापडणार नाही. आपल्या राज्यघटनेनं पोलिस हा विषय राज्यांकडे दिला आहे. मुंबई, पुणे, नागपूर, सगळ्या शहरांच्या पोलिसांचा पैसा राज्याच्या गृह खात्यातून येतो आणि तो विधानसभेत मंजूर होतो. पुण्यात नागरिकाला अर्ज भरून आपल्या प्रभागात पदपथ सुचवता येतो, रस्त्यावरचा दिवा सुचवता येतो. आपल्या ठाण्यात किती माणसं असावीत आणि त्यांनी कुठली कामं करावीत, यावर त्याला बोलायला जागा नाही. मुंबईत तर मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासकानं अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासकानंच मंजूर करायचा.

राज्याच्या हाती पोलिस असण्याचे फायदे आहेत, ते मी नाकारत नाही. स्थानिक पुढाऱ्याच्या मुठीत ठाणं जाऊ नये, ही भीती खरी आहे. पण फोन केल्यावर कोण येतं हा प्रश्न आपल्याही घराघरात आहे. घरातला तरुण मुलगा औषधं सोडतो, रात्री अडीचला भांडी फेकायला लागतो, आई घाबरून ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावते. बहुतेकदा येतात ते पोलिस, बंदोबस्ताच्या दोन पाळ्या करून थकलेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्यांच्यावर जबाबदारी टाकली आहे: रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. कायदा चांगला आहे. पण त्या हवालदाराला हे शिकवलं कुणी? त्याच्या सोबत जायला परिचारिका कुठे आहे? १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तो बोलून धीर देतो, सल्ला देतो. दारात येऊन उभं राहणारं मात्र कुणी नाही.

विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन दर वर्षी साधारण मार्चमध्ये असतं. त्याआधी आपल्या आमदाराला पत्र लिहा, भेटा, कार्यक्रमात गाठा, आणि गृह खात्याच्या मागण्यांवर बोलताना एवढं विचारायला सांगा: ११२ वर मानसिक आजाराचे किती फोन आले, तिथं कोण गेलं, आणि पोलिसांसोबत आरोग्य खात्याचं माणूस पाठवायचं तर आमच्या जिल्ह्यात त्याला किती खर्च येईल? उत्तर लेखी मागायला सांगा.

नमस्कार.