चेक नट खाली की वर?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

रोहिण्या सरत आल्या, मृग तोंडावर आलाय. पडवीत ताडपत्रीखाली झाकलेले पॉवर टिलर आता बाहेर निघतील. ऑइल बदलाल, फिल्टर बघाल, ते तुम्हाला मी सांगायला नको. मी आज बोलणार आहे नटांबद्दल. तेही सगळ्या नटांबद्दल नाही. सुटू नयेत म्हणून जे आपण मुद्दाम लावतो, त्या लॉक नटांबद्दल.

आधी एक समज काढून टाकू. स्प्रिंग वायसर, म्हणजे एका जागी चिरलेला, स्प्रिंगसारखा वायसर घातला की नट सुटत नाही, असं आपण धरून चालतो. 1990 साली अमेरिकेच्या नासा संस्थेने नट-बोल्टांवर एक पुस्तिका काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय की नट पूर्ण आवळला की स्प्रिंग वायसर सपाट होतो, आणि सपाट झाला की तो साधा वायसर. तिथून पुढे त्याचा धरून ठेवण्याचा गुण शून्य. असलेला काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका, एवढंच.

मग नट सुटतो कशाने? 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने हे प्रयोग करून दाखवलं. बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हिसक्यांपेक्षा आडवं सरकणं वाईट. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की आट्यांमधली पकड क्षणभर जाते, आणि नट कोणी हात न लावता उलटा फिरतो. पुन्हा सांगतो, आडवं सरकणं वाईट. पॉवर टिलरचं इंजिन एका सिलिंडरचं, धाडधाड हलणारं. वर बेल्टची ओढ एका बाजूला. म्हणजे त्याच्या खालच्या चार बोल्टांना दिवसभर हेच सोसायचं. (मुंबई-गोवा महामार्गावरून टेम्पोत घालून टिलर आणलात तर घरी पोचेपर्यंतच नट अर्धे ढिले झालेले असतात, पण त्या रस्त्याबद्दल बोलायला बसलो तर आजची वेळ संपेल.)

या चार बोल्टांवरनंच आमच्या वाडीत एक पैज लागली होती. ती सांगतो, कारण लॉक नटाचं अर्धं शास्त्र तीत आहे.

आमच्या काकांचा टिलर पाच घरांत मिळून चालायचा. दर पावसाळ्यात त्याची एकच तक्रार. इंजिन मागे सरकायचं, बेल्ट ढिले पडायचे, चिखलात गाडी नुसती गुरगुरायची आणि चाकं जागच्या जागी. इंजिनाच्या बोल्टांना दुहेरी नट होते. एक जाड, त्यावर एक पातळ. पातळ म्हणजे चेक नट. सगळीकडे असेच लावतात, तालुक्याच्या गॅरेजातही असेच लावतात. जाड खाली, पातळ वर. तरी इंजिन सरकायचंच.

त्या वर्षी वाडीत बंदरावरचे एक मिस्त्री आलेले होते. आयुष्य ट्रॉलरच्या इंजिनावर काढलेला माणूस. आता तुम्ही म्हणाल, दर्यावरचा माणूस चिखलणीच्या दिवसांत शेतात कसा? तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, जाळी वळचणीला. म्हणून नेमके भाताच्या हंगामात हे लोक मोकळे असतात. माझं तर मत आहे की किनाऱ्यालगतच्या गावांनी हे दोन महिने या लोकांना आग्रहाने बोलावून अवजारं दाखवून घ्यावीत. यंत्र खाऱ्या वाऱ्यात कसं टिकवायचं ते त्यांच्याइतकं दुसऱ्याला ठाऊक नाही. असो.

मिस्त्री बांधावर चहा पीत बसलेले. काका पाना घेऊन चिखलात ओणवे. मिस्त्रींनी बघितलं आणि म्हणाले, "उलटा लावलंस रे. बारीक नट खाली. जाडो वर."

काका भडकले. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला नट शिकवायचा! "बारीक नट खाली ठेवलंय तर पाना खंयसून घालू? माझ्या डोक्यातसून?"

खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता. पातळ नट खाली असला की नेहमीचा पाना तिथे मावत नाही. पान्याची जाडी नटापेक्षा जास्त. वरच्या नटाला आणि खालच्या नटाला एकदमच पकडतो. पातळ नट वर लावायची सवय सगळ्यांना याच अडचणीपायी लागली असणार, असं मला वाटतं. मिस्त्री उठले, घरी गेले आणि पिशवीतून एक पाना घेऊन आले. ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून पातळ केलेला, कडेला निळसर पडलेला, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तो पाना मी अजून विसरलो नाही.

मग पैज लागली. कोंबडी-वड्याची. दोन बोल्ट काकांच्या पद्धतीने, दोन मिस्त्रींच्या. आधी बेल्ट ताणून घेतले. मग मिस्त्रींनी पातळ नट आधी बसवला, तोही बेताने, पूर्ण जोर न लावता. वर जाड नट फिरवला. मग पातळ पान्याने खालचा नट जागेवर धरून ठेवला आणि वरचा जाड नट कचकचून आवळला. काकांनी आपल्या दोन बोल्टांवर आधी जाड, मग पातळ लावला. दोघांनीही अंगातला जोर काढला, त्यात कमी-जास्त नव्हतं. सुनेची लाल नेलपॉलिश मागवली आणि चारही ठिकाणी वरच्या नटापासून खालच्या नटावरून थेट पट्टीपर्यंत एकेक रेघ ओढली. वाळेपर्यंत दोघं तिथेच उभे, कोणी रेघेला हात लावील म्हणून.

दिवसभर चिखलणी झाली. संध्याकाळी टिलर व्हाळात धुतला आणि सगळी वाडी खाली वाकून बघायला लागली. मिस्त्रींच्या दोन्ही रेघा सरळ. काकांची एक रेघ मधोमध तुटलेली, वरचा पातळ नट चांगला पाव फेरा फिरलेला, खालचाही हललेला. पण काकांची दुसरी रेघ जशीच्या तशी!

झालं. काका म्हणाले, "दोनातलो एकच सरकलो. मगे मी अर्धीच पैज हरलंय." मिस्त्री म्हणाले, अर्धी पैज नसते. यावर आठ-पंधरा दिवस वाद चालला. तोवर दीप अमावास्या उलटली, श्रावण लागला, आणि काकूंनी निकाल दिला. वडे झाले, पण सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. काका अजून म्हणतात, एका दिवसाच्या परीक्षेने काय सिद्ध होतं. त्यांचंही चूक नाही. पण तेव्हापासून त्यांच्या टिलरवर चारही बोल्टांना पातळ नट खालीच आहे.

यामागचं कारण एवढंच. वरचा नट आवळला की बोल्टाची सगळी ओढ वरच्या नटाच्या आट्यांवर येते. खालचा फक्त उलट बाजूने अडकून बसतो. ज्याच्यावर ओढ, तो जाड हवा. म्हणून जाड वर. पुन्हा एकदा, लिहून घ्या: पातळ नट खाली, बेताने. जाड नट वर, पूर्ण जोराने. आवळताना खालचा धरून ठेवायचा.

आता वेळ थोडा राहिलाय, बाकीचे नट भराभर.

नायलॉक नट. आतून एका टोकाला नायलॉनचं कडं असतं, पांढरं किंवा निळं. कड्याची बाजू बाहेर ठेवायची, तुमच्याकडे. कडं बोल्टाच्या आट्यांवर घट्ट दाबून बसतं, ही त्याची पकड. तेव्हा बोल्ट नटाच्या बाहेर निदान दोन आटे आला पाहिजे. कड्याच्या आतच संपला तर नायलॉक लावून न लावल्यासारखाच. जुना नायलॉक परत वापरायचा का? हाताने फिरवून बघा. नवा नट कड्यापाशी अडतो, पुढे पाना लागतो. जुना शेवटपर्यंत बोटांनी फिरत गेला तर फेकून द्या. फेकून द्या म्हणजे बिस्किटाच्या डब्यात ठेवू नका! आपल्याकडे प्रत्येक घरात तसा एक गंजक्या नटांचा डबा असतो, आणि ऐन चिखलणीत त्यातूनच नट निघतो.

नायलॉक सायलेन्सरवर कधीही नाही. नायलॉन साधारण 120 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, सायलेन्सर त्याच्या कितीतरी पुढे जातो. तिथे पूर्ण लोखंडी लॉक नट मागा. दिसायला साधाच, पण वरचं तोंड किंचित दाबलेलं असतं.

स्टीलच्या चकचकीत नटांचा मोह किनाऱ्यावर सगळ्यांनाच होतो, गंजत नाहीत म्हणून. पण स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नायलॉक झरझर फिरवलात तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. मग छिन्नीच. आट्यांना जरा ग्रीस लावा आणि सावकाश फिरवा.

केज व्हील. चिखलणीला टायर काढून लोखंडी चाकं चढवतो, नंतर परत टायर. हे नट दर हंगामात उघडतात, त्यामुळे तासाभराच्या कामानंतर इंजिन बंद करून एकदा पाना फिरवायचाच. रोटाव्हेटरच्या पात्यांचंही तेच. तिथे हात घालण्याआधी इंजिन बंद, आणि ट्रॅक्टर असेल तर चावी खिशात.

शेवटचा, ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगच्या जोडांवरचा कॅसल नट, खाचांचा. त्यातून स्प्लिट पिन जाते, म्हणजे भोकातून घालून टोकं फाकवायची ती दुहेरी पिन. ठरल्याएवढा आवळल्यावर खाच आणि भोक जुळत नसेल तर नट मागे घ्यायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. पुढच्या चाकाच्या बेअरिंगवरचा नट मात्र वेगळा. तो जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, म्हणून तो मिस्त्रीकडूनच बसवून घ्या. पिन दर वेळी नवी. खिळा नाही, तार नाही, छत्रीची काडी तर नाहीच. ती मी एका ट्रॅक्टरवर बघितलेली आहे, आणि तो ट्रॅक्टर उताराच्या रस्त्याने चिरे भरून जात होता.

नमस्कार.