एका खुब्यामागची चार शास्त्रं

(दृश्य : एक वयस्क व्यक्ती काठी टेकत चालते आहे. कॅमेरा फक्त कंबर, पाय आणि काठीवर.)

उजवा खुबा दुखत असेल, तर काठी कोणत्या हातात धरायची? बरेच जण ती उजव्याच हातात धरतात. दुखऱ्या बाजूला आधार हवा, हे कुणालाही पटेल. डॉक्टर मात्र सांगतात, काठी डाव्या हातात घ्या. याचं कारण तरफेच्या साध्या गणितात आहे.

चालताना प्रत्येक पावलात काही क्षण सगळा भार एकाच पायावर असतो. समजा, ७० किलो वजनाचा माणूस उजव्या पायावर उभा आहे. उजवा पाय वगळून उरलेलं शरीर, म्हणजे साधारण ५८ किलो, उजव्या खुब्यावर पेललं जातं. पण हा भार खुब्याच्या बरोबर वर नसतो. तो शरीराच्या मध्याकडे, सांध्यापासून १० सेंटिमीटर आत आहे असं धरू. त्यामुळे कंबर डावीकडे कलंडायला बघते. तिला सावरतात खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू, आणि त्यांची तरफ आखूड आहे, ५ सेंटिमीटरच्या आसपास. तरफ निम्मी म्हणून जोर दुप्पट : ११६ किलो. सांध्याला भारही सोसावा लागतो आणि स्नायूंची ओढही. बेरीज १७४ किलो. नुसतं एका पायावर उभं राहिलं तरी खुब्यावर वजनाच्या अडीचपट दाब येतो.

आता डाव्या हातात काठी द्या. ती सांध्यापासून ४० सेंटिमीटरवर टेकते आहे आणि माणूस तिच्यावर फक्त ८ किलो जोर देतो आहे. त्या लांब तरफेमुळे स्नायूंचा जोर ११६ वरून ५२ किलोवर येतो आणि सांध्यावरचा दाब १७४ वरून १०२ वर. उजव्या हातातल्या काठीला हा तरफेचा फायदा मिळतच नाही.

खुब्याचा हा तोल १९३५ साली फ्रिडरिश पाउवेल्स या जर्मन अस्थिशल्यविशारदाने मांडला. पुढे बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यातच दाब मोजणारी यंत्रणा बसवली. ती शरीराच्या आतून बिनतारी संदेश पाठवायची. सपाट जमिनीवर सावकाश चालताना दाब वजनाच्या सुमारे अडीचपट निघाला. म्हणजे कागदावरचा हिशोब बराचसा खरा होता. काठीने दाब घटतो हेही खरं ठरलं, मात्र मोजलेली घट कागदावरच्या घटीपेक्षा कमी भरली. आणि एक आकडा कुणीही आधी मांडला नव्हता. एक रुग्ण अचानक ठेचकाळला, तेव्हा दाब वजनाच्या आठपटींवर गेला. हा आकडा लक्षात ठेवा. माणूस यंत्रासारखा एका लयीत चालत नाही, तो अडखळतो, वळतो, खाली बसतो, आणि या गोष्टीचा पुढे मोठा संबंध येणार आहे.

(दृश्य : चालण्याची प्रयोगशाळा. पायांवर चमकणारे गोलाकार ठिपके, भिंतीवर अवरक्त कॅमेरे, जमिनीत बसवलेली दाबपट्टी.)

चालणं मोजण्याचा ध्यास जुना आहे. १८९०च्या दशकात लाइपझिग शहरात ब्राउने आणि फिशर या दोघांनी एका सैनिकाच्या हातापायांवर लुकलुकणाऱ्या काचनळ्या बांधल्या आणि अंधारात त्याचे फोटो काढले. नुसती तयारी कित्येक तास चालायची. त्या थोड्याशा पावलांचं गणित करण्यात मात्र वर्षं गेली. आज तेच काम संगणक काही सेकंदांत करतो. एक अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे : ठिपका कातडीवर असतो, हाड आत असतं, आणि कातडी हाडावर सरकते. त्यामुळे या क्षेत्रातला चांगला संशोधक सांध्याचा कोन सांगताना त्यात किती अंशांची चूक असू शकते तेही सांगतो.

आता रसायनशास्त्राकडे वळू. ही गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन चार्नली हे शल्यविशारद झिजलेल्या खुब्याला पर्याय शोधत होते. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर गोळा, आणि कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी, अशी त्यांची कल्पना. वाटीसाठी त्यांनी निवडलं टेफ्लॉन. कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरिनचे अणू असल्यामुळे त्याला काहीही चिकटत नाही, म्हणून घर्षण अगदी कमी. गोळाही त्यांनी लहान करत नेला, शेवटी २२ मिलिमीटरच्या थोडा वर. घर्षणाचा पीळ गोळ्याच्या त्रिज्येबरोबर वाढतो, म्हणून लहान गोळा वाटीला कमी हलवणार, हे त्यांचं गणित बिनचूक होतं.

साधारण ३०० रुग्णांना हा सांधा बसवला गेला. सुरुवातीला ते आनंदाने चालू लागले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या. टेफ्लॉनच्या साखळ्या ज्या सहजतेने गोळ्यावरून सरकतात, त्याच सहजतेने एकमेकींवरूनही सरकतात. जो गुण पाहून पदार्थ निवडला, तोच घातक ठरला. शिवाय झिजेच्या कणांभोवती शरीरात गाठी होत होत्या. चार्नली यांनी टेफ्लॉनचे आणि दुसऱ्या एका प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि वाट पाहिली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. दुसऱ्या जागी जवळजवळ काहीच झालं नाही.

(दृश्य : झीज मोजणारं जुनं यंत्र. गोळा वाटीत पुढेमागे फिरतो आहे.)

ते दुसरं प्लास्टिक म्हणजे अतिदीर्घ साखळ्यांचं पॉलिथिलिन. कापडगिरण्यांतल्या मागांच्या दातेरी चाकांसाठी ते वापरत. एक विक्रेता त्याचा तुकडा घेऊन आला, तेव्हा चार्नली यांनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि ते निघून गेले. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांत तो जेवढा झिजला, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं. नोव्हेंबर १९६२ पासून चार्नली नव्या वाट्या बसवू लागले. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात क्रेव्हन यांचं नाव ठळक अक्षरांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पॉलिथिलिनमध्येही टेफ्लॉनसारखाच कार्बनचा कणा आहे, फ्लोरिनच्या जागी हायड्रोजन आहे. फरक पडतो तो लांबीमुळे. साखळ्या इतक्या लांब की त्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंततात आणि सहजासहजी सुटत नाहीत.

झीज थांबली मात्र नाही. मागच्या शतकातल्या वाट्या वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजत. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण कृत्रिम सांधा वर्षाला १० लाखांच्या आसपास पावलं टाकतो, आणि एका पावलात लाखो सूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते कण गिळतात. प्लास्टिक पचवता येत नाही, म्हणून त्या धोक्याचे संदेश सोडत राहतात, आणि त्या गोंधळात सांध्याभोवतीचं निरोगी हाड खाल्लं जातं. बरीच वर्षं याचा दोष हाडाला सांधा चिकटवणाऱ्या सिमेंटवर टाकला गेला. पुढे आणखी एक धागा सापडला : वाट्या निर्जंतुक करण्यासाठी हवेतच गॅमा किरण सोडत. त्याने साखळ्या तुटून मुक्त मूलक, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारी तुटकी टोकं, तयार होत, आणि कपाटात नुसती ठेवलेली वाटीही ऑक्सिजनने हळूहळू ठिसूळ होई. उपायही त्याच रसायनात होता. किरणांची मात्रा वाढवून साखळ्या एकमेकींना जोडायच्या, मग उष्णता देऊन उरलेले मूलक शमवायचे. १९९०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या या प्लास्टिकने झीज खूपच कमी केली.

पण सांधा किती वर्षं टिकतो, हे ठरवायचं कसं? १०० जणांना सांधा बसवला. काहींचा बदलावा लागला, काही वारले, काही दुसरीकडे राहायला गेले, काहींना बसवून जेमतेम वर्ष झालं. सरळ टक्केवारी काढली तर उत्तर चुकतं. १९५८ साली एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर या दोन गणितज्ञांनी वाट दाखवली. दोघांनी वेगवेगळे लेख पाठवले होते, संपादकांनी ते एकत्र करायला सांगितले. पद्धत अशी : जो जितका काळ नजरेखाली होता, तितका काळच त्याला मोजायचं. प्रत्येक वेळी सांधा बिघडला की त्या क्षणी नजरेखाली किती जण होते त्याने भागायचं, आणि टिकण्याच्या शक्यता एकामागून एक गुणत जायच्या. स्वीडनने १९७९ साली खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आज अनेक देशांच्या नोंदवह्या याच गणितावर उभ्या आहेत.

(दृश्य : धातूचा मोठा चकचकीत गोळा आणि धातूचीच वाटी.)

प्लास्टिकचे कण नकोत, म्हणून २०००च्या दशकात धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांची लाट आली. गोळा मोठा, म्हणून निखळण्याची भीती कमी. वंगणाच्या गणितानुसार मोठ्या गोळ्यामुळे द्रवाचा थर जाड राहतो, म्हणून झीजही कमी. हे गणित बरोबर होतं. झीज मोजणाऱ्या यंत्रांनीही दुजोरा दिला. डीप्यू कंपनीचा एएसआर हा त्यातलाच एक सांधा.

त्याची वाटी उथळ होती. ती जरा उभट कोनात बसली की गोळ्याचा भार वाटीच्या काठावर येई आणि द्रवाचा थर फाटे. यंत्रात वाटी नेमक्या कोनात बसवलेली असते आणि चाल एकसारखी असते. माणसाच्या शरीरात तसं नसतं. धातू झिजला, कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरले, सांध्याभोवतीचे मऊ भाग नष्ट झाले. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१० साली सूचना काढली : रक्तात कोबाल्ट किंवा क्रोमियम अब्जात ७ भागांहून अधिक असेल, तर रुग्णाची पुढची तपासणी करा.

ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत या सांध्याचा आलेख २००७ पासूनच खाली घसरताना दिसत होता. जगभरातून तो परत बोलावला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३,००० सांधे विकले गेले होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत प्रत्येकाचं उत्तर आपापल्या परीने बरोबर होतं आणि ती उत्तरं एकत्र तपासायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे.

इथे कायदा येतो. अमेरिकेत या सांध्याच्या एका प्रकाराला २००५ साली परवानगी मिळाली ती आधीच्या सांध्यांशी त्याचं साधर्म्य दाखवून. रुग्णांवरच्या चाचणीची अट नव्हती. युरोपने नंतर नियम कडक केले, नवा नियम २०१७ साली मंजूर झाला आणि मे २०२१ पासून लागू झाला.

न्यायालयांपुढचा प्रश्न आणखी अवघड. झिजणं हा सांध्याचा स्वभावच आहे, मग दोष कशाला म्हणायचं? २०१८ साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे धातूवर धातूच्या दुसऱ्या एका सांध्याचा खटला आला. ३००हून अधिक रुग्ण विरुद्ध कंपनी. कसोटी होती, लोकांना जेवढ्या सुरक्षिततेची अपेक्षा ठेवण्याचा हक्क आहे, तेवढी या सांध्यात आहे का. युक्तिवाद नोंदवहीतल्या आकडेवारीवर रंगला. रुग्ण हरले. त्यांच्या वेदनेवर कुणी शंका घेतली नव्हती, पण जादा धोका आकड्यांनी सिद्ध झाला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. भारतात एएसआरच्या रुग्णांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली भरपाईचं सूत्र ठरवलं, रक्कम ३० लाख ते सुमारे १ कोटी २३ लाख रुपये. सूत्रात दोन गोष्टी मोजल्या जातात : वय आणि अपंगत्वाची टक्केवारी. पाय किती वाकतो, किती चालता येतं, या मोजमापाला तिथे थेट रुपयांत किंमत येते. ती मोजमापं ढिसाळ असतील, तर अन्याय तिथूनच सुरू होतो.

(दृश्य : एकाच वेळी दोन दिशांनी घेतलेली क्ष-किरण चित्रं. हाडात बारीक ठिपके.)

आता नवा सांधा एकदम हजारोंना बसवू नये, असा आग्रह आहे. त्यासाठीचं साधन १९७४ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात योरान सेल्विक यांनी दिलं. हाडात टँटलम धातूचे बारीक मणी सोडायचे, दोन दिशांनी एकाच वेळी क्ष-किरण चित्रं घ्यायची, आणि भूमितीने सांधा किती सरकला ते काढायचं, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. पहिल्या दोन वर्षांत जास्त सरकणारे सांधे पुढे सैल होण्याची शक्यता मोठी. म्हणजे काही डझन रुग्णांतच इशारा मिळू शकतो.

पण त्या पहिल्या काही डझनांना काय सांगायचं? २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात सांगितलं की रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा धोका डॉक्टरने सांगायलाच हवा. आणि नेहमीच्या शस्त्रक्रियेतही प्रश्न सुटत नाही. २०१९ साली नोंदवह्यांच्या अभ्यासातून आकडा आला : १०० पैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. ४५ वर्षांची रुग्ण हा आकडा ऐकते आणि आयुष्याचा हिशोब मांडते. पण २५ वर्षं पूर्ण केलेले ते सांधे जुन्या पिढीचे होते, तिला बसणार आहे नवं प्लास्टिक. त्यामुळे संमतिपत्रावर आता दोन आकडे वेगवेगळे लिहायला हवेत : जुन्या सांध्यांची २५ वर्षं, आणि नव्या प्लास्टिकची जेवढी वर्षं खरोखर मोजून झाली आहेत तेवढीच.