मिरजेपर्यंतच जाईल

(दृश्य : पहाट. लाइन बाजाराच्या पलीकडे कचऱ्याचा डोंगर, पायथ्याला टिप्परांची रांग.)

दारात टिप्पर येतो, आपण बादली पालथी करतो, दार लावतो. कोल्हापूरचा रोजचा सुमारे 200 टन कचरा तिथून फार लांब जात नाही. कसबा बावड्यात, झूमवर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर. वारा फिरला की लाइन बाजाराला सांगावं लागत नाही.

मग चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणतंच, “रेल्वेत घाला आणि द्या की लांब पाठवून!”

(दृश्य : मालधक्का. रिकाम्या वाघिणी.)

हसू नका. मुंबईनं हे कधीच केलंय. कुर्ला-चेंबूर लाइन 1906 ची. देवनारकडं जाणाऱ्या कचरागाड्यांची ती वाट. माणसं तीवरून जायला लागली 1924 मध्ये. देवनार तेव्हा गावाबाहेरची दलदल होती. आता डेपोला खेटून घरं आहेत.

न्यूयॉर्कनं 2001 मध्ये स्टेटन आयलंडवरचा फ्रेश किल्स डेपो बंद केला. तेव्हापासून तिथला बराचसा कचरा दाबून, बंद पोलादी कंटेनरमध्ये भरून, रेल्वेनं व्हर्जिनियासारख्या परराज्यात जातो. तिथल्या खेड्यांना टनामागं पैसे मिळतात.

(दृश्य : नकाशावर एक ठिपका.)

हे पॅरिश. अलाबामातलं हजारभर वस्तीचं गाव. 2018 मध्ये न्यूयॉर्क भागातला मैल्याचा गाळ घेऊन कंटेनर इकडं आले. जायचे होते पुढच्या डेपोला. पण वाटेतल्या दुसऱ्या गावानं कोर्टातून अडवलं, आणि गाडी पॅरिशच्या यार्डात थांबली. पोरांच्या बेसबॉल मैदानाशेजारी. दोन महिने. गावानं तो मैला केला नव्हता, मागवलाही नव्हता. गावातून रूळ जात होते, एवढंच.

आता आपला हिशेब. एका वाघिणीत साठेक टन वजन बसतं. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरायला कोल्हापूरला पंधरवड्याहून जास्त लागेल. आपला निम्म्याहून अधिक कचरा ओला. भाताची शितं, भाजीची देठं, कालचा रस्सा. पंधरा दिवस हे कुठं ठेवणार? मालधक्क्यावर?

शिवाय आपली लाइन इथंच संपते. 1891 मध्ये संस्थानानं आणली ती मिरजेहून, आणि अजूनही बाहेर पडायचं तर आधी मिरजच गाठायची. गाडी तिथं अडकली, तर मिरजकर काय म्हणतील ते कॅमेऱ्यासमोर न सांगितलेलं बरं.

(दृश्य : महामार्ग. टोप गावची दगडाची खण.)

शहराचा कचरा टोपच्या खणीत टाकायचं ठरलं, तेव्हा गावकरी आडवे आले. प्रकरण कोर्टात गेलं. कोल्हापुरात बरेच जण चिडले, “एवढीशी खण, काय बिघडतं?”

पण निदान त्या गावाचं नाव आपल्याला माहीत होतं. कुणाचा तरी पाहुणा तिथं राहत होता.

(दृश्य : पुन्हा दार. टिप्परचं गाणं जवळ येतंय. एक बाई ओल्याची बादली वेगळी उचलते.)